घरासोबत मिळालेला रेफरी

घर विकत घ्यायला जाल तेव्हा छप्पर बघू नका, भिंती ठोकून बघू नका, आधी व्हरांड्यात कोण बसलंय ते बघा. मी छप्पर बघितलं. पत्रे नवे होते, मागे केळीची बाग होती, अंगणात तीन मंडप सहज उभे राहतील एवढी जागा होती आणि पुढचं दार असं रुंद, की दोन बायका आमचा सणाचा पायघोळ झगा, गोमेसी, नेसून, त्याचे खांदे फुगवून, शेजारी शेजारी बाहेर पडाव्यात. मी त्या दारावर भाळले. व्हरांड्यात एक वाळका म्हातारा लाकडी खुर्चीत बसला होता, गळ्यात शिट्टी, त्याच्याकडे मी ढुंकूनही बघितलं नाही.

तरी निघताना विचारलं मी. घर विकणारी बाई, जोविया तिचं नाव, नखं रंगवलेली, गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभी होती. म्हटलं, "हे आजोबा कोण?"

"वॉचमन," ती म्हणाली.

"घरासोबत देणार का काय?" मी आपली गंमत केली.

"तसंच समजा ना," ती म्हणाली आणि गोड हसली. त्या हसण्यावर तिला एक मुस्काटात द्यायची माझी इच्छा अजून शिल्लक आहे.

आता मला घाई कसली होती ते सांगते. आमची रेस्टी लग्नाची झाली होती. मुलगा मसाकाचा, इग्नेशियस, कान जरा मोठे आहेत पण नोकरी चांगली. डिसेंबरात त्याची माणसं मागणी घालायला येणार होती. आमच्यात मागणी म्हणजे चहा-बिस्किटांचं काम नव्हे. बस भरून माणसं येतात, डोक्यावर टोपल्या घेऊन, आणि सगळं होतं ते मुलीच्या बापाच्या घरी. बापाच्या! आणि रेस्टीच्या बापाला जन्मात स्वतःचं घर नव्हतं. कंपालातल्या काटवे वस्तीत एका गॅरेजच्या मागे आम्ही भाड्यानं राहायचो. माझी स्वतःची मागणी अशाच भाड्याच्या अंगणात झाली होती. पाहुणे गुडघे टेकून बसलेत, मी मान खाली घालून उभी, आणि आमचा घरमालक हाताची घडी घालून मधोमध आला नि माझ्या बापाला विचारतो, "मंडप कधी काढताय? मला गाडी लावायचीय." माझ्या बापाचा तेव्हाचा चेहरा मी कधी विसरले नाही. तेव्हाच ठरवलं होतं, माझी पोरगी स्वतःच्या घराच्या पुढच्या दारातून बाहेर येईल. बाकी मला काही नको होतं.

म्हणून नवऱ्याच्या नोकरीच्या शेवटाला जे हातात आलं ते आणि माझा बाजारातला गाळा, सगळं त्या घरात घातलं. बुलेंगाच्या टेकडीवरचं घर. कागद झाले, सह्या झाल्या, सोडा प्यायलो. दुसऱ्या दिवशी पिकअप भरून सामान घेऊन दारात उभे राहिलो, तर आतून शिट्टी वाजली. अशी खणखणीत, की ड्रायव्हरनं गाडी बंद केली.

म्हातारा दारात आला. "कोणाकडे आलात?"

"कोणाकडे म्हणजे?" मी म्हटलं. "आमचंच घर आहे. विकत घेतलंय."

"अरे वा, अभिनंदन," तो म्हणाला. "मी इथला भाडेकरू. पुढची बैठक, दोन खोल्या आणि हा व्हरांडा माझ्याकडे आहे. मागे नोकरखोल्या रिकाम्या आहेत. उंदीर आहेत, पण त्रास देत नाहीत."

मी जोवियाला फोन लावला. ती म्हणाली, "अहो, दिवसभर बसून घराकडेच बघत असतो ना तो? मग वॉचमनच की." आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा नंबर लागला नाही तो नाहीच.

नवरा माझा गरीब गाय. त्याचं नाव कलिब्बाला, पण मी त्याला रेस्टीचे बाबा म्हणते आणि रागात असले की काहीच म्हणत नाही. तो म्हणाला, "म्हातारा माणूस आहे, समजावून सांगू." आम्ही वस्तीच्या चेअरमनकडे गेलो. चेअरमननं आमचाच सोडा पिऊन आम्हालाच सांगितलं, "राहत्या माणसाला उचलून रस्त्यावर टाकता येत नाही. त्याला मुदत द्या. गोडीनं घ्या. तुमच्या आधीपासून आहे तो. मी लहान होतो तेव्हापासून त्या व्हरांड्यात आहे." म्हणजे झालं! स्वतःच्या घराचे मालक आम्ही, आणि राहतोय कुठे, तर नोकरांच्या खोल्यांत, आणि पुढे राजेसाहेब खुर्ची टाकून बसलेले.

हा म्हातारा शाळांच्या फुटबॉलचा रेफरी होता एके काळी. सगळी वस्ती त्याला रेफरीच म्हणायची, खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. खेळ सुटला, शिट्टी सुटली नाही. खिशात कार्डंही असायची. माझ्या कोंबड्या व्हरांड्यावर चढल्या की शिट्टी. मी कपडे धुतलेलं पाणी त्याच्या पायरीपर्यंत गेलं की शिट्टी, आणि वर पिवळं कार्ड. मी, आठ महिन्यांचं पोट घेऊन बाजारात केळीचे घड उचललेली बाई, आणि हा मला पिवळं कार्ड दाखवतो!

"मला कार्ड दाखवतोस, मेल्या?" मी म्हटलं.

त्यानं शांतपणे लाल काढलं.

मी सगळं करून बघितलं. त्याच्या खिडकीखाली मिरच्यांची धुरी केली, तर वारा फिरला आणि माझीच पोरगी खोकून खोकून लाल झाली. रेस्टीच्या आत्याला आणून त्याच्या समोर बसवलं, ही बाई बोलायला लागली की मेलेली माणसं उठून जातात. तो ऐकत बसला आणि शेवटी म्हणाला, "जादा वेळ संपला." तीच उठून गेली.

मग नोव्हेंबर आला आणि नाकतोडे आले. नोव्हेंबरात कंपालात माणसं दिव्याखाली पत्रे उभे करून नाकतोडे धरतात, पोत्यांनी. पंख-पाय खुडून कांदा-मिरची घालून तळले की वासानं माणूस वेडा होतो. आमच्या घरी मात्र पंचाईत, कारण नवऱ्याचं कूळ नाकतोड्याचं. नाकतोडा त्यांचं देवक, म्हणजे तो त्यांचा भाऊबंद, त्याला तोंड लावायचं नाही. बापाला चालत नाही, मुलांना चालत नाही. मी लग्न करून आलेली, माझं कूळ वेगळं, मला चालतात. तेव्हा मी दरवर्षी शेजारणीच्या चुलीवर तळते आणि तिच्याच मागच्या दारात उभी राहून खाते. संसारात माणसाला एवढं तरी सुख हवं.

त्या वर्षी मी म्हटलं, गोडीनं घ्या म्हणाला ना चेअरमन, घेऊ गोडीनं. एक मोठी बशी भरून तळले, वर लिंबू ठेवलं आणि घेऊन गेले व्हरांड्यावर. चांगली गुडघे टेकून बसले. म्हटलं, "आजोबा, गरमागरम आहेत. खा आणि डिसेंबराच्या आधी दुसरी जागा बघा. मुलीचं कार्य आहे हो घरात."

त्यानं बशीकडे बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "हे उचला."

"का? विष नाही घातलं. घालावंसं वाटलं होतं, पण नाही घातलं."

"बाई, मी माझ्या भावाला खात नाही," तो म्हणाला.

मी बशी घेऊन परत आले, तणतणत. नवऱ्याला सांगितलं, एवढं प्रेमानं नेलं तर थेरडा म्हणतो भावाला खात नाही. नवरा बूट पुसत होता. त्याचा हात थांबला. "काय म्हणाला?" त्यानं विचारलं, आणि एक बूट घालून एक हातात घेऊन तसाच पुढे गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तोंडावर असं हसू, जसं काही कोणी त्याला बकरी बक्षीस दिलीय.

"आपल्याच कुळाचा आहे," तो म्हणाला. "नाव मुगालुला. त्याच्या आज्याचा आजा आणि माझ्या आज्याचा बाप, दोघे सख्खे भाऊ!"

"बरं मग? बसा ऊर भरून."

"म्हणजे बघ ना, पिढ्या मोजल्या तर तो माझ्या खालच्या पिढीत येतो. मुलगा लागतो माझा. त्यानं मला बाबा म्हटलं!"

"तो सत्तरीच्या पुढचा आहे! तुम्ही रांगत होता तेव्हा त्याला मिशा होत्या!"

"मिशांचा काय संबंध? कूळ म्हणजे कूळ. आता कुळातल्या पोराला मी घराबाहेर कसा काढू, तूच सांग."

मी कपाळावर हात मारून घेतला. एक नाकतोडा तळला नसता तर हे भूत निघालं नसतं. नवऱ्याला मी त्या दिवशी आणि पुढचे कैक दिवस काहीच म्हटलं नाही. रेफरीला मात्र तोंडावर सांगितलं, "ते तुझे बाबा असतील, मी तुझी कोणी नाही. कार्य झालं की तू बाहेर. आणि त्या दिवशी दार उघडं ठेव, माझी पोरगी पुढून येणार."

"दार माझ्या ताब्यात आहे, बाई," तो म्हणाला. "भाड्यात दारही येतं."

कार्याचा दिवस उजाडला. मंडप लागले, खुर्च्या मांडल्या, केळीच्या पानात गुंडाळलेले मटोके, म्हणजे आमची कच्ची केळी, पहाटेपासून वाफेवर, शेंगदाण्याच्या रश्श्याची पातेली, सगळं जिथल्या तिथं. आणि पुढचं दार बंद. मी ठोठावलं, शिव्या घातल्या, शेवटी हात जोडले. आतून हूं नाही की चूं नाही. मग काय करते? मागच्या नोकरखोल्यांच्या समोर फुलाफुलांचा पडदा लावला. पोरी तिथून येतील, दुसरा इलाज नव्हता. रेस्टी गोमेसी नेसून त्या अंधाऱ्या खोलीत मातीच्या पोत्यावर बसली होती. म्हणाली, "आई, असू दे गं. कुठूनही आले तरी मीच ना?" ती असं म्हणाली म्हणून मला जास्तच रडू आलं.

आणखी एक घोळ होता. आमच्यात नवरा मुलगा मुलीच्या भावाला एक जिवंत कोंबडा देतो. भावानं कोंबडा घेतला की मुलगी दिली, नाही घेतला तर बसचं तोंड परत मसाकाकडे. रेस्टीचा सख्खा भाऊ दुबईत एका दुकानाच्या दारात पहाऱ्याला, त्याला रजा मिळाली नाही. म्हणून चुलत भाऊ डेनिसला उभा करायचं ठरलं. त्याला नवा पांढरा कांझू शिवला, पायघोळ, वर माझ्या नवऱ्याचा कोट. सकाळी मी स्वतः त्याला बघितलं होतं, अंगणात मिरवत होता. नंतर दिसला नाही.

पाहुणे आले. रीतीप्रमाणे आधी म्हणाले वाट चुकलो, मग म्हणाले तहान लागली, मग हळूहळू मुद्द्यावर आले. त्यांच्या बाजूनं बोलायला एक ढेरपोट्या आणला होता, धंदाच त्याचा तो, जीभ म्हणजे वस्तरा. आमच्याकडून लहान मुली आल्या, मैत्रिणी आल्या, आत्या आल्या, सगळ्या त्या फुलाफुलांच्या पडद्यामागून, कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून. ढेरपोट्या बघत होता. चौथ्या खेपेला म्हणाला, "यजमान, एक विचारू? घर तर झकास आहे. पण सगळ्या सुंदऱ्या मागूनच का येतात? त्या पुढच्या दाराचा मालक दुसरा कोणी आहे का?"

सगळा मंडप हसला. त्याला काही माहीत नव्हतं, त्याचं काम टोमणे मारायचं. पण माझ्या काळजात सुरी गेली. मी नवऱ्याकडे बघितलं. अगदी माझ्या बापाचा चेहरा होता तो.

"बरं, ते राहू द्या," ढेरपोट्या म्हणाला. "आमचा कोंबडा दमलाय. मुलीचा भाऊ कुठाय?"

डेनिस नाही. आमच्या बाजूचा बोलणारा म्हणाला येतोय. पोरं शोधायला पळाली, हात हलवत परत आली. ढेरपोट्या म्हणाला, "दार नाही, भाऊ नाही. निदान मुलगी तरी आहे ना?" पुन्हा हशा. इग्नेशियसचे कान लाल झाले होते. त्याच्या बाजूच्या म्हाताऱ्या एकमेकींच्या कानात बोलू लागल्या, आणि तसं बोलणं मी ओळखते, ते कधी चांगलं नसतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

पुढचं दार उघडलं. रेफरी बाहेर आला. अंगात कडक इस्त्रीचा कांझू, वर काळा कोट, दाढी केलेली, हातात किल्ली. व्हरांड्याच्या कडेला उभा राहून म्हणाला, "माझी बहीण मागच्या दारानं येणार नाही."

ढेरपोट्याला आयतंच सापडलं. "आजोबा, आपण कोण?"

"मुलीचा भाऊ."

मंडप कोसळेल एवढा हशा. "हा भाऊ असेल तर आईला आधी बघू द्या! ती अजून चालते का हो?"

मग माझे थोरले चुलत सासरे काठी टेकत उठले. कुळात त्यांचा शब्द शेवटचा. "हसू नका," ते म्हणाले. "पोरा, कोणाचा तू?"

रेफरी खाली उतरला, म्हाताऱ्यापुढे उभा राहिला आणि स्वतःचं नाव, बापाचं, आज्याचं, त्याच्या बापाचं, असं करत करत पार मुळाशी गेला. एकदाही अडखळला नाही. सासरे बोटांवर मोजत होते. मग त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. हा कलिब्बालाचा मुलगाच लागतो."

ढेरपोट्या काही सोडणारा नव्हता. "कुळात लागत असेल, महाराज. पण कुळात अर्धं कंपाला लागतं. या घरात हा मुलगा आहे का? आम्ही कोंबडा कोणाही वाटसरूच्या हातात देणार नाही. आईनं सांगावं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मी चटईवर बायकांत बसले होते. रेफरी माझ्याकडे बघत होता, किल्ली तळहातावर ठेवून. थेरड्यानं चांगलाच डाव मांडला होता. मी "हो" म्हटलं तर तीन मंडपभर माणसांसमोर तो माझा मुलगा. भाडेकरूला मुदत देता येते, चेअरमनकडे नेता येतं. मुलाला कुठे नेणार? "नाही" म्हटलं तर माझी रेस्टी त्या अंधाऱ्या खोलीत बसलेली, आणि बस परत.

मला त्याचा इतका राग आला होता की काय सांगू. पण पोरगी माझी होती.

"थोरला आहे माझा," मी म्हटलं. "जरा लवकर म्हातारा झाला."

असा गलका झाला की कोंबडा टोपलीतून उडाला. बायकांनी आरोळ्या ठोकून आनंद केला, ढेरपोट्यानं हात टेकले. मागून रेस्टीला घरात नेलं, आणि थोड्या वेळानं ती पुढच्या दारातून बाहेर आली. आत्याचा हात धरून, लाल गोमेसी, चेहऱ्यावर ऊन. दार खरंच तेवढं रुंद होतं. मी ढसाढसा रडले, सगळी पावडर वाहून गेली, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

रेफरीनं कोंबडा घेतला, पण सरळ नाही. आधी त्याचे पाय तपासले, वजन बघितलं. मग इग्नेशियसला म्हणाला, "दीड तास उशीर," आणि त्याला पिवळं कार्ड दाखवलं. माझा जावई हसायचं की घाबरायचं या विचारात तसाच गुडघ्यांवर. त्या कोंबड्यानं लग्न पक्कं झालं.

आणि डेनिस? पोरी रेस्टीला घेऊन घरात गेल्या तेव्हा रेफरीच्या पलंगावर सापडला. नव्या कांझूसकट, घोरत, शेजारी वारागी दारूची बाटली, तळाला थेंब नाही. नंतर मी रेफरीला विचारलं, तर म्हणाला, "सकाळी आला, म्हणाला घसा कोरडा पडलाय. पाहुण्याला नाही कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपवाले बांबू सोडत होते, आणि पुढून आवाज आला, "आई, चहा!"

मी चहा घेऊन गेले. तो खुर्चीत, कोंबडा पायाला दोरी बांधून शेजारी. मी कप हातात दिला आणि गोड आवाजात म्हटलं, "बाळा."

तो सावध झाला. रेफरी होता, फाऊल लांबून कळायचा.

"बाळा, तू आता मोठा झालास. आईबापाच्या झोपायच्या खोलीत मोठा मुलगा झोपलेला कुठे बघितलास? मोठ्या मुलांची जागा मागे असते. उंदीर आहेत, पण त्रास देत नाहीत."

 त्याचा खिशाकडे हात गेला, पण कार्ड काढलं नाही. "हो, आई," म्हणाला.

आणि खरंच उठला. सामान ते काय, पलंग, ट्रंक, दोन बूट, एक फाटका फुटबॉल. मी ट्रंकेचं एक कडं धरलं, त्यानं दुसरं. मला वाटलं होतं मी जिंकले की नाचेन. पण तो इतका निमूट चालला होता की माझंच चित्त लागेना. अंगणाच्या मध्यावर मी ट्रंक खाली ठेवली.

"एवढा तमाशा केलास ते खोल्यांसाठी ना? मग भांडत का नाहीस?"

"खोल्यांसाठी नाही केला," तो म्हणाला.

"मग कशासाठी, घोड्या?"

तो ट्रंकेवर बसला. बोलायची सवय नसल्यासारखा, शिट्टी बोटांत फिरवत बसला. मग म्हणाला, "बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. गावची जमीन भावांनी विकली, माझ्या बापाच्या कबरीवर आता कोणाचा तरी कोंबडीफार्म आहे. समोरच्या वाडीत एक शिंपी राहायचा, भाडेकरू, मागच्या वर्षी वारला. घरमालकानं पिकअप मागवली. ड्रायव्हरनं विचारलं, कुठे न्यायचं? कोणालाच सांगता येईना. दिवसभर तो तसाच गाडीत. मी व्हरांड्यातून बघत होतो." त्यानं शिट्टी मुठीत धरली. "मुलाला पिकअपमध्ये घालत नाहीत ना, आई?"

आमच्यात माणूस मेल्यावर आपल्या माणसांच्या जमिनीत जातो, घरामागे, केळीच्या सावलीत. ज्याला तशी जागा नाही, त्याला काहीच नाही. मला हे माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं. मी एवढे दिवस त्याला दुसरी जागा बघ, दुसरी जागा बघ म्हणत होते. मला माझ्याच तोंडाची शिसारी आली.

पण मी काही त्याच्या गळ्यात पडले नाही. मी चुलीवर पाणी ठेवलं आणि कोंबडा कापला. मेव्हण्याचा कोंबडा आईनंच शिजवायचा असतो. केळीच्या पानात बांधून वाफेवर ठेवला, आणि दुपारी आम्ही तिघं मागच्या ओट्यावर जेवायला बसलो. कोंबड्याची पाथरी घरच्या कर्त्याची असते. रेफरीनं ती पानातून शोधून काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या नवऱ्यासमोर धरली. "बाबा, घ्या." नवऱ्यानं ती खाल्ली, आणि नाक पुसायला तोंड फिरवलं. म्हणे तिखट लागलं. मी तिखट घातलंच नव्हतं.

जेवण झाल्यावर मी रेफरीला हाताला धरून केळींच्या मागे नेलं. तिथं जमीन जराशी उंच आहे, पावसाचं पाणी थांबत नाही.

"ही जागा बघून ठेव," मी म्हटलं. "हे टोक तुझ्या बाबांचं. त्यांच्याशेजारी मी. त्या कडेला, आंब्याकडे, तू."

तो तिथं जाऊन उभा राहिला. पायानं माती चाचपली, मैदान बघावं तशी. 

"आणि हे बघ," मी म्हटलं, "आईच्या आधी पोरानं जायचं नसतं. मी अजून पन्नाशीची नाही. तेव्हा मुकाट्यानं रांगेत उभा राहा."

त्यानं शिट्टी तोंडाला लावली, पण फुंकायला त्याच्याकडे दम नव्हता. मग त्यानं खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि ते डोळ्यांवर धरलं. मी भांडी घासायला परत गेले.